डुकरांच्या नाकाच्या उंचीवर धरलेला अमोनियामापक: एका हिवाळ्याचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात मी इंदूरच्या सियागंजातील औद्योगिक सुरक्षा-साहित्याच्या एका दुकानातून हातात धरून वापरण्याचा अमोनियामापक विकत घेतला. सिमरोळच्या पुढे माझ्या धाकट्या भावाचे वराहपालन केंद्र आहे. तेथे चाळीस माद्या, त्यांची पिल्ले आणि विक्रीसाठी वाढवली जाणारी जनावरे आहेत, आणि ती सर्व लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची किंवा तिच्या संकराची आहेत. मी स्वतः पशुवैद्य आहे, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि निवृत्तीनंतर रामबागेतल्या घरून आठवड्यातून दोनदा तिकडे जातो. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत दूध तोडलेल्या पिल्लांमध्ये शिंका आणि खोकला सुरू होतो, प्रतिजैविकांचा खर्च वाढतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागले की त्रास आपोआप ओसरतो. हे लागोपाठ चार वर्षे पाहिल्यावर, रोगजंतूंइतकाच त्या जनावरांच्या वाट्याला येणाऱ्या हवेचाही हिशेब मांडला पाहिजे, असे मला प्रकर्षाने वाटू लागले.

हे उपकरण मुळात वराहगृहासाठी बनवलेले नाही. इंदूर-महूचा पट्टा बटाट्याचा आहे, येथील शीतगृहांत थंडावा निर्माण करण्यासाठी अमोनिया वापरतात, आणि दुकानदाराचे बहुतेक गिऱ्हाईक तेच असते. त्यामुळे कुठे नळी फुटली, वायू गळू लागला, तर माणसाला सावध करून बाहेर काढणे हा याचा मूळ हेतू आहे. मापनाची कक्षा शून्य ते १०० पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे किती भाग आहेत ते दाखवण्याची. आकार मुठीत मावेल इतका, आकडे मोठे, अंधारात पडद्यामागे दिवा लागतो, आणि सेन्सर विद्युत-रासायनिक प्रकारचा आहे, म्हणजे आतल्या द्रावणाशी वायूची होणारी क्रिया विजेच्या रूपात मोजणारा. सोबत कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्राचे आकडे बरोबर आहेत हे तपासून जुळवल्याचे, प्रमाणपत्र मिळाले. मला सर्व मिळून साडेसतरा हजार रुपये पडले.

कारखान्यातून येताना याचा पहिला अलार्म २५ वर आणि दुसरा ५० वर लावलेला असतो. हे आकडे कुठून आले ते समजून घेतल्याशिवाय पशुपालकाने हे यंत्र वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत अमोनियासाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा २५ पीपीएम आणि थोड्या वेळासाठीची मर्यादा ३५ पीपीएम दिली होती. ही मर्यादा दिवसातले आठ तास काम करून घरी जाणाऱ्या प्रौढ माणसाची आहे. डुक्कर चोवीस तास तेथेच असते, ओल्या फरशीवर निजते आणि त्याचे नाक त्या फरशीपासून वीतभर अंतरावर असते. जनावरांच्या दृष्टीने हवा १० पीपीएमच्या आत असावी आणि २० च्या वर तर जाऊच नये, असे मानून मी काम करतो. अलार्मचे आकडे दुकानातच बदलून घेता येतात, मात्र त्यासाठी दुकानदाराच्या संगणकाला यंत्र जोडावे लागते. घरी ते करता येत नाही, ही पहिली गैरसोय.

उपकरणाची खरी किंमत पहिल्याच सकाळी कळली. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता, माळव्याची थंडी पडली होती, आणि पिल्ले गारठू नयेत म्हणून रात्री दोन्ही बाजूंचे ताडपत्रीचे पडदे खालपासून वरपर्यंत घट्ट ओढलेले होते. पहाटे साडेपाचला मी आत गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांना झोंबले. भाऊ आणि कामगार अर्ध्या तासापासून आतच होते.

"दादा, आज तर वास नेहमीपेक्षा कमीच आहे," भाऊ म्हणाला.

पिल्लांच्या कप्प्यात, त्यांच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे वीस सेंटिमीटरवर यंत्र धरले, तेव्हा आकडा हळूहळू चढत ३८ वर स्थिरावला. माझ्या छातीच्या उंचीवर तोच आकडा २१ होता. भाऊ खोटे बोलत नव्हता. अमोनियाच्या वासाला नाक लवकर सरावते, आणि जो रोज तेथे राबतो त्याला तो जाणवेनासा होतो. म्हणूनच "वास येत नाही" हा निकष या बाबतीत निरुपयोगी आहे. अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने तो छताशीच साचत असेल, असा अनेकांचा समज असतो. त्याचा उगम ओली फरशी आहे, आणि हवा हलत नसेल तर फरशीलगतच त्याचे प्रमाण जास्त राहते. यंत्र खिशाला अडकवून फिरणाऱ्याला जनावर कोणती हवा घेत आहे हे कळत नाही.

तो वायू डुकराच्या श्वसनमार्गात नेमके काय करतो, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण आकड्याला अर्थ त्यातूनच येतो. मूत्रातील युरिया स्वतः निरुपद्रवी असतो. तो शेणात मिसळला की शेणातील जीवाणूंचे युरिएज नावाचे विकर त्याचे विघटन करते आणि काही तासांतच अमोनिया सुटू लागतो. हा वायू पाण्यात अतिशय सहज विरघळतो, म्हणून श्वासाबरोबर आत जाताच नाकाच्या आणि घशाच्या ओल्या अस्तरावर तो मोठ्या प्रमाणात अडकतो व तेथे दाह निर्माण करतो. डोळ्यांतून पाणी येणे, डोळ्यांखाली तपकिरी ओघळ दिसणे आणि शिंका येणे ही त्याची पहिली चिन्हे होत. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारख्या असंख्य रचना असतात. त्या सतत लयीत हलत राहून धूळ व जंतू अडकलेला कफ वर घशाकडे ढकलतात. अमोनियामुळे त्यांची हालचाल मंदावते, पुढे त्या झडतात, कफ घट्ट होतो आणि फुप्फुसांची रोजची झाडलोट थांबते. अमोनिया एकटा सहसा न्यूमोनिया करत नाही, तो जंतूंसाठी दार उघडे ठेवतो. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी हा जंतू त्याच सूक्ष्म केसांना चिकटून त्यांचा नाश करतो, म्हणजे एकाच भिंतीवर दोन्हीकडून घाव पडतात. नाकातील वळणदार पातळ हाडे झिजवणाऱ्या ऱ्हायनायटिस रोगात बॉर्डेटेला आणि विषनिर्मिती करणारा पाश्चरेला मल्टोसिडा हे जंतू असतात, आणि दाह झालेल्या अस्तरावर पाश्चरेलाला ठाण मांडणे सोपे जाते. त्यात धुळीची भर पडते. वायू म्हणून वरच अडकला असता तो अमोनिया बारीक धुळीच्या कणांवर बसून फुप्फुसांत खोलवर पोहोचू शकतो, त्यामुळे पिठासारखे कोरडे खाद्य उधळणाऱ्या गोठ्यात तोच आकडा अधिक वाईट ठरतो.

किती प्रमाणाला किती नुकसान, याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि ते तसेच सांगितले पाहिजेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ड्रमंड, कर्टिस व सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान डुकरांना चार आठवडे अमोनियायुक्त हवेत ठेवले, तेव्हा ५० पीपीएमला वजनवाढ १२ टक्क्यांनी आणि १०० पीपीएमला ३० टक्क्यांनी घटली. याच गटाच्या आधीच्या कामात, अशा हवेत ठेवलेल्या पिल्लांची फुप्फुसांतून जंतू बाहेर टाकण्याची शक्ती कमी झाल्याचे दिसले होते. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांत पाश्चरेलाची लागण केलेल्या पिल्लांच्या नाकातील हाडांची झीज १० पीपीएमसारख्या कमी प्रमाणातही वाढलेली आढळली. याउलट २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधीलच एका मोठ्या प्रयोगात, सुमारे ३७ पीपीएमपर्यंत अमोनिया आणि सोबत धूळ असूनही दूध तोडलेल्या पिल्लांच्या आरोग्यावर फारसा परिणाम दिसला नाही. हे निष्कर्ष समोर ठेवले की मला असे वाटते की प्रश्न केवळ पीपीएमचा नसून त्या गोठ्यात कोणते जंतू आधीच वस्तीला आहेत याचाही आहे. ज्याच्या कळपात पाश्चरेला आणि मायकोप्लाझ्मा फिरत आहेत, त्याला १५ पीपीएमसुद्धा महाग पडू शकतो. आमच्या भागातील बहुतेक कळप असेच आहेत, कारण पिल्ले चार ठिकाणांहून विकत आणून एकत्र केली जातात.

आता यंत्राच्या वागणुकीकडे येतो. चालू केल्यावर ते सुमारे एक मिनिट स्वतःची तपासणी करते, ती बाहेरच्या स्वच्छ हवेतच करू द्यावी. आत केली तर तेथील अमोनियालाच ते शून्य समजून बसते आणि पुढचे सर्व आकडे कमी दाखवते. ही चूक कामगाराकडून दोनदा झाली, आणि यंत्र त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही. आकडा चढायला वेळ लागतो. पहिल्या दहा सेकंदांत दिसलेला आकडा वहीत लिहिला तर तो निम्मासुद्धा असू शकतो, म्हणून एका जागी पूर्ण तीन मिनिटे धरायचे असा नियम आम्ही केला. पिल्ले यंत्र हुंगायला आणि चावायला येतात, त्यामुळे भावाने बांबूच्या काठीला ते बांधून घेतले, आणि ही साधी युक्ती यंत्रासोबत आलेल्या चिमट्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरली. तो चिमटा तर दुसऱ्याच महिन्यात तुटला.

सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे दव. थंडगार मोटारीत रात्रभर राहिलेले यंत्र उबदार, दमट गोठ्यात नेले की सेन्सरच्या तोंडावरील जाळीवर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात. अमोनिया पाण्यात विरघळत असल्याने तो त्या थेंबांतच अडकतो आणि आकडा खोटाच खाली येतो. एके सकाळी ९ पीपीएम पाहून आम्ही खूश झालो होतो. जाळी पुसून, वीस मिनिटे यंत्र आतच राहू दिल्यावर तोच कप्पा २६ दाखवू लागला. मार्गदर्शिकेत साठणाऱ्या ओलाव्याविषयी एक ओळ आहे, पण पहाटेच्या गोठ्यात तिचा अर्थ काय होतो हे कोणी सांगत नाही. खात्री करून घेण्यासाठी मी मुंबईहून मागवलेल्या, रंग बदलणाऱ्या काचेच्या नळ्यांशी तीन वेळा ताडून पाहिले. यंत्र कोरडे असताना दोघांत दोन-तीन पीपीएमहून अधिक फरक पडला नाही, आणि माझ्या दृष्टीने एवढी अचूकता पुरेशी आहे. नळी अधिक विश्वासाची, परंतु ती एकदाच वापरता येते, त्यामुळे रोजच्या कामाला परवडत नाही. ओल्या कागदी पट्टीचा रंग तक्त्याशी जुळवण्याची पद्धत सर्वांत स्वस्त आहे, मात्र पहाटेच्या अंधुक उजेडात १० आणि २० यांतला फरक डोळ्याला ठरवता येत नाही, आणि आमचा सगळा प्रश्न त्याच दोन आकड्यांच्या मधला आहे.

यंत्राने आमच्या दोन समजुती मोडल्या, आणि केवळ त्यासाठीही मी पैसे वसूल झाले असे म्हणेन. पहिली चुन्याची. निर्जंतुकीकरण म्हणून ओल्या फरशीवर चुना भुरभुरण्याची पद्धत आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आली आहे. मूत्रातला नायट्रोजन फरशीवर काही अंशी अमोनियम या विरघळलेल्या रूपात अडकून असतो. चुन्याने ओल अल्कधर्मी झाली की तेच अमोनियम वायू होऊन उडू लागते. १२ पीपीएम असलेल्या कप्प्यात चुना टाकल्यावर काही मिनिटांत आकडा ३१ वर गेला, तेव्हा भाऊ बराच वेळ काठी धरून नुसता पाहत राहिला. चुना आता फक्त जनावरे हलवून, धुऊन वाळवलेल्या रिकाम्या कप्प्यातच टाकला जातो. दुसरी समजूत फिनाईलची. त्याने वास झाकला जातो, आकडा तसूभरही हलत नाही. ब्लीचिंग पावडरबद्दल तर मी हात जोडून सांगतो की मूत्राने ओल्या फरशीवर ती टाकू नये, कारण क्लोरीन आणि अमोनिया यांच्या संयोगाने क्लोरामाईन वायू तयार होतात, आणि ते माणसाच्या व जनावराच्या फुप्फुसांना अमोनियापेक्षाही वाईट.

बदल केले ते साधेच होते. पडदा वरच्या बाजूला वीतभर उघडा ठेवला, जेणेकरून उबदार ओली हवा वरून निघून जाईल आणि थंड झोत पिल्लांच्या अंगावर येणार नाही. पिल्लांना ऊब हवी होती ती संपूर्ण गोठा कोंडून न देता, कोपऱ्यात लाकडी पेटी आणि दिवा लावून दिली. एवढ्यावर पहाटेचा आकडा १५ च्या आसपास आला. मग पिल्लांची पाणी पिण्याची गळकी निप्पल बदलली, कारण तिच्या खालची सतत ओली राहणारी जागाच पिल्लांनी शेण-मूत्रासाठी निवडली होती आणि ती झोपण्याच्या जागेला लागून होती. पाणी मारण्याआधी शेण कोरडेच खरवडून काढायचे, म्हणजे मूत्र आणि शेण एकत्र कालवले जाणार नाही, हेही ठरवले. जानेवारीच्या मध्यापासून बहुतेक पहाटे ९ ते ११ दिसू लागले. खाद्यातील प्रथिनांकडे आम्ही अजून वळलेलो नाही. प्रथिनांचे प्रमाण एका टक्क्याने उतरवून लायसिनसारखी अमिनो आम्ले वेगळी दिली तर शेण-मूत्रातून सुटणारा अमोनिया साधारण दहा टक्क्यांनी घटतो, हे चांगले सिद्ध झालेले आहे, आणि पुढच्या तुकडीत ते करायचे आहे.

खोकला कमी झाला का? झाला, आणि प्रतिजैविकांची बाटली या जानेवारीत निम्म्याहून कमी वेळा उघडावी लागली. परंतु याच काळात मायकोप्लाझ्माची लसही वेळेवर टोचली गेली आणि बाहेरून पिल्ले आणणे थांबवले, त्यामुळे सगळे श्रेय हवेला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिंका आणि डोळ्यांखालचे ओघळ मात्र पडदा उघडल्यापासून आठवडाभरातच कमी झाले, आणि त्यांचा संबंध मी निःशंकपणे अमोनियाशी जोडतो. कामगाराचे डोळे चुरचुरणेही थांबले. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क हा वायू अडवत नाही, हे त्याला पूर्वी कोणीच सांगितले नव्हते.

दुकानाच्या सेवेविषयी मी समाधानी नाही. विक्रेत्याने यंत्र गोठ्यातच कायम टांगून ठेवण्याचा सल्ला दिला, आणि तो चुकीचा आहे. या प्रकारच्या सेन्सरमधील द्रावण अमोनियाशी होणाऱ्या प्रत्येक संपर्कात झिजत जाते. शीतगृहात एरवी हवा स्वच्छ असते म्हणून तो दोन वर्षे टिकतो, पण रात्रंदिवस अमोनिया असलेल्या गोठ्यात टांगला तर तो त्याच्या बऱ्याच आधी संपेल. आम्ही मोजणी झाली की ते बाहेरच्या खोलीत ठेवतो. मार्चमध्ये कॅलिब्रेशनसाठी दिलेले यंत्र आठवड्यात मिळेल असे सांगितले होते, ते तीन आठवड्यांनी मिळाले, आणि मधल्या काळात दुसरे यंत्र दिले गेले नाही. थंडीत असे झाले असते तर फार अडचण झाली असती. सेन्सर बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे, हेही विकत घेण्यापूर्वी कोणी सांगत नाही, मला ते विचारून काढावे लागले.

एक इशारा अत्यंत गंभीरपणे द्यायचा आहे. हे यंत्र हायड्रोजन सल्फाइड ओळखण्यासाठी नाही. साठवणीच्या खड्ड्यातील शेण-मूत्राची मळी ढवळताना तो विषारी वायू अचानक उसळतो. १०० पीपीएमच्या पातळीला तो माणसाच्या जिवाला तात्काळ धोका मानला जातो, आणि मोठ्या प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. अमोनियामापक शांत आहे म्हणून खड्ड्यात उतरणे म्हणजे जीव गमावणे होय. त्यासाठी वेगळे यंत्र लागते आणि शक्यतो उतरूच नये.

कोणी घ्यावे, असे विचाराल तर पंधरा-वीस माद्यांच्या खाली एकट्याने घेण्याची गरज नाही, काचेच्या चार नळ्या आणि हिवाळ्यातल्या चार पहाटा पुरतील. चार-पाच केंद्रांनी मिळून एक यंत्र घ्यावे, असे पूर्वी सुचवले असते. परंतु २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग आढळल्यापासून एका केंद्रावरची वस्तू दुसऱ्या केंद्रावर नेण्याचे मी समर्थन करू शकत नाही, आणि हे यंत्र औषधात बुडवून निर्जंतुक करता येत नाही. अल्कोहोलने पुसले तर सेन्सर बिघडू शकतो. सेन्सरचे तोंड तेवढे उघडे ठेवून बाकी यंत्र पॉलिथिनमध्ये गुंडाळायचे आणि प्रत्येक वेळी पॉलिथिन बदलायचे, हा आमचा मार्ग आहे. मोठ्या केंद्रांनी मात्र हे जरूर घ्यावे.

दुकानदाराकडे मी दोन मागण्या लेखी दिल्या आहेत: पशुपालकाला यंत्र देताना पहिला अलार्म १० वर आणि दुसरा २० वर लावून द्यावा, आणि दव जमण्याविषयीची सूचना हिंदीत छापून डब्यात ठेवावी. पहिली त्याने लगेच मान्य केली. दुसरीसाठी मजकूर मीच लिहून द्यावा असे तो म्हणाला, आणि तो मी या आठवड्यात देणार आहे.